एक उंबरा आत

रात्रीचे सव्वादोन. क्लाक्सविकच्या बंदरात
बोटी आपापल्या दोरांवर कुरकुरताहेत,
आणि मासळीच्या जुन्या गोदामात, वरच्या मजल्यावर,
माझ्या पडद्यावर हिरवी ओळ :
बिल्ड यशस्वी. एकोणीस सेकंद. चुका शून्य.

मग बेयनिरचा फोन का?
धक्क्यावर तिकिटं फाडून त्याची झोप गेली आहे,
इतर लोक बायबल वाचत पडतात
तसा तो बोटींचं वेळापत्रक वाचतो.
"सुन्नवा, तुझ्याकडे अजून उन्हाळाच आहे गं.
सकाळी साडेसहाची बोट दाखवतेय."

साडेसहाची बोट ऑक्टोबरात नसते.

दोन दिवस घालवले मी अपग्रेडवर,
तीन आवृत्त्या एका दमात ओलांडल्या.
पिवळ्या सूचना येत होत्या,
त्या मी ऐकल्या, लग्नात मावश्यांचं ऐकतात तशा.

फोल्डर उघडते. फाइली आहेत की सगळ्या.
लांबलचक आकड्यांची नावं, ओळखीची.
तारीख : अकरा मे.
बिऱ्हाड कधीच हललंय
आणि दोरीवर कपडे तसेच.

मग आजचे एकोणीस सेकंद कुठे गेले?
यंत्रानं काहीतरी घडवलं,
घडवून कुठेतरी ठेवलं,
आणि हात झटकून हिरवं हसलं.
तात्पुरत्या फाइलींत बघते, लपवलेल्या फोल्डरांत बघते,
कचऱ्याच्या डब्यातसुद्धा.

सर्व्हरवर माल नेणारी स्क्रिप्ट तुम्मसची.
तो आता डोंगरापलीकडे मेंढ्या पाळतो, फोन उचलत नाही.
सात वर्षांपूर्वी त्यानं माथ्यावर लिहून ठेवलंय :
इथे हात लावू नये.
आणि ती स्क्रिप्ट इमानदार,
रोज त्याच दाराशी जाते, असेल ते उचलते,
मे महिना तर मे महिना.

शेवटी अख्खं फोल्डर पुसलं.
बोट कळीवर थोडं थांबलं, मग पुसलं.
पुन्हा बिल्ड. पुन्हा एकोणीस सेकंद.
आता त्या जागी नवं फोल्डर,
आत परवान्यांचा एक कागद,
आणि आणखी एक फोल्डर, नाव ब्राउझर.
त्याच्याआत सगळे. पहिलं पान, रंग, अक्षरं, नकाशा.
वेळ दोन एकतीस. अजून ऊबदार.

वडिलांनी घराला पुढे पडवी काढली होती, वाऱ्यासाठी.
त्या हिवाळ्यात पोस्टमन पत्रं टाकायचा बाहेरच्या दारातून,
आई वाट बघायची आतल्या दाराशी,
आणि दोन दारांच्या मध्ये
भावाची जहाजावरून आलेली चार पत्रं
लोकरीच्या मोज्यांखाली पडून होती, मार्चपर्यंत.

नव्याला जुन्या जागी आणता आलं असतं,
तशी सोय आहे, एका ओळीची.
पण मी तुम्मसच्याच ओळीत
तिरप्या रेघेपुढे एक शब्द वाढवला.
त्याच्या ताकिदीखाली लिहिलं :
लावला. माफ कर. सु.

"बघ आता," मी बेयनिरला म्हटलं.
खूप वेळ नुसता त्याचा श्वास.
"साडेआठ," तो म्हणाला. "मग मी झोपू?"

मला मात्र झोप आली नाही.
सहा वाजून वीस मिनिटांनी खिडकीतून दिसलं,
धक्क्यावर एक माणूस,
पायाशी लोकरीच्या दोन गोण्या,
कॉलर वर केलेली, तोंड समुद्राकडे.
त्यानं काल संध्याकाळी पाहिलं असणार.

कॉफीचे दोन पेले घेऊन खाली गेले.
बोट साडेआठची, मी म्हटलं, आता बरोबर आहे सगळं.
त्यानं खिशातून फोन काढून दाखवला.
बॅटरी संपलेली.
काळ्या काचेत आम्ही दोघं,
आणि मागे थोडा उजेड.
मी दुसऱ्या गोणीवर बसले.